सिनेमावर लिहायचंय? आधी ‘कुठे’ ते सांगा

मी सोलापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे आणि गेली १९ वर्षं इथल्याच एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमावर लिहिते. शुक्रवारी साडेपाचला कॅश जुळली की स्कूटी काढायची, सहाचा खेळ गाठायचा आणि शनिवारी दुपारच्या आत ४०० शब्द पोचते करायचे. हा क्रम लग्नसराईत चुकला नाही, गड्ड्याच्या यात्रेतही नाही.

हल्ली कॉलेजची मुलंमुली भेटतात आणि विचारतात, “मॅडम, आम्हालाही रिव्ह्यू लिहायचाय, सुरुवात कशी करू?” त्यांचं लिहिलेलं मी वाचते. त्यात जीव असतो, सिनेमावरचं प्रेम तर ओसंडून वाहत असतं. पण ‘भारी’, ‘बोअर’, ‘एकदा बघायला हरकत नाही’ याच्या पुढे ते जात नाही. माझंही असंच होतं. पहिलं परीक्षण घेऊन गेले तेव्हा पुरवणी बघणाऱ्या ज्येष्ठ उपसंपादकांनी ते उभ्याउभ्या वाचलं, लाल पेनाने सात ठिकाणी गोल केले आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच शब्द लिहिला: ‘कुठे?’ अभिनय अप्रतिम. कुठे? उत्तरार्ध रेंगाळतो. कुठे? संगीत श्रवणीय. कुठे? मी घरी येऊन लिहायला बसले आणि सातपैकी दोनच ठिकाणी उत्तर देता आलं. बाकीची पाच मतं माझी नव्हतीच, इतरांचं वाचून वाचून ती पेनात आली होती. ती दोन ठेवली, पाच खोडली. छापून आलं ते जेमतेम दीडशे शब्दांचं होतं, पण ते माझं होतं.

मला जे काही येतं ते या एका प्रश्नातून आलेलं आहे. खाली जे सांगते आहे तेही त्याचंच उत्तर शोधायच्या रीती आहेत.

जाण्याआधी

तिकीट स्वतःच्या पैशाने काढा. फुकट पासावर बघितलेल्या सिनेमावर हात मोकळा राहत नाही. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, भिडस्त असतो म्हणून. ट्रेलर एकदाच बघा. दुसऱ्यांनी लिहिलेलं आपलं लिहून होईपर्यंत वाचू नका, फोनवर दिसलं तरी पुढे सरकवा.

सिनेमा कुठल्या भाषेत बघायचा, याचा विचार सोलापूरकराने तरी करायलाच हवा. आपल्याकडे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही ऐकू येतात. तेलुगू सिनेमा मूळ भाषेत बघायला हैदराबादला जावं लागत नाही, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत जायचं. हे मला उशिरा कळलं आणि ते कसं कळलं ते सविस्तर सांगते.

५ डिसेंबर २०२४ला ‘पुष्पा २’ आला. मी घराजवळच्या मल्टिप्लेक्समध्ये हिंदीत पाहिला. हिंदीत नायकाला आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे आणि तो चांगलाच बसला आहे, त्यामुळे काही हुकतंय असं वाटलं नाही. त्यात गंगम्मा जत्रेचा लांबलचक प्रसंग आहे. नायक साडी नेसून, अंगाला निळा रंग लावून, दागिने घालून नाचतो आणि मग मारामारी. मी लिहिलं, ‘प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी नायकाला साडी नेसवली आहे, कथेशी तिचा संबंध नाही.’

रविवारी सकाळी शेजारच्या अक्का ओट्यावर विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्री फिरवायची, तंबाखू पसरायची, वळून दोरा मारायचा. हात थांबत नाही. त्यांनी वर न बघता म्हटलं, “पेपरातलं वाचून दाखवलं नातीनं. ताई, ते सोंग नव्हं. नवस हाय तो. तिकडं जत्रेत बाप्ये साडी नेसतेत देवीसाठी.” अक्कांची थोरली बहीण तिरुपतीकडे दिलेली आहे. गंगम्मेची जत्रा त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली. पुरुषांनी बाईचा वेष घेऊन देवीला जाणं ही तिथली जुनी प्रथा आहे, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची तसदीही मी घेतली नव्हती.

सोमवारी रजा टाकली आणि अक्कांना घेऊन तोच सिनेमा तेलुगूत पाहिला. तो प्रसंग सुरू झाला तशी आमच्या पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी हात जोडले. शिट्ट्या थांबल्या होत्या असं नाही, पण त्या शिट्ट्यांच्या आत एक वेगळा आवाज होता, आरतीला येतो तसा. मल्टिप्लेक्समध्ये हा आवाज मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. सिनेमा मला तरीही गरजेपेक्षा लांब वाटला, सव्वातीन तासांहून मोठा आहे तो, आणि नायिकेला नवऱ्याचं कौतुक करण्यापलीकडे फार काम दिलेलं नाही हे मत मी आजही बदलणार नाही. पण साडीबद्दलचं वाक्य चुकीचं होतं. पुढच्या रविवारी स्तंभाच्या वरच सहा ओळींत ते मान्य केलं. तुमच्याकडून असं झालं तर तुम्हीही करा, आणि पहिलं मत जिथे छापलं होतं तिथेच करा, कोपऱ्यात नको.

तेव्हापासून माझा नियम आहे. तेलुगू सिनेमा पूर्व भागात तेलुगूत. कन्नड असेल तर मूळ कन्नडात, सोबत अक्कलकोट-इंडीकडचं कुणीतरी घेऊन. त्यातही ‘कांतारा’सारखा सिनेमा आला की आपलं सीमेवरचं कन्नड पुरत नाही, कारण तो तुळुनाडूच्या किनारपट्टीतला आहे आणि तिथला भूतकोला, म्हणजे अंगात दैवत येऊन नाचण्याचा विधी, इकडच्या माणसालाही समजून घ्यावा लागतो. मग निघण्याआधी अर्धा तास वाचन करायचं, सिनेमाबद्दलचं नव्हे, त्या प्रथेबद्दलचं.

अंधारात लिहायचं कसं

छोटी वही आणि शिसपेन्सिल. पेन नको, तिरकं धरलं की शाई उतरत नाही आणि अंधारात ते कळतही नाही. फोन तर मुळीच नको, मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत उजेड जातो. एका पानावर एकच ओळ लिहा, मोठ्या अक्षरात. डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेला जिथे ओळ सुरू करायची तिथे ठेवायचा, म्हणजे अक्षरावर अक्षर चढत नाही. दोन-तीन सिनेमांत हाताला सवय होते.

काय लिहायचं? फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं. ‘छान’ लिहू नका. ‘आई चहा गाळते, गाळणं हातातच राहतं’ असं लिहा. मत नंतर येतं. अंधारात टिपलेली गोष्ट अशी हवी की दुसऱ्या दिवशी ते वाक्य वाचताच तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहावा. माझ्या एका सिनेमाच्या १५ ते २० ओळी होतात. त्यातल्या लेखात चार येतात.

मध्यंतर झालं की एक आडवी रेघ मारा आणि घड्याळ बघा. ‘पूर्वार्ध लांबला’ असं लिहायचं असेल तर तो किती मिनिटांचा होता हे तुम्हाला माहीत हवं. मग बाहेर जा आणि लोकांचं ऐका. विचारू नका, नुसतं ऐका. वडापावच्या रांगेत माणसं जे बोलतात ते फार प्रामाणिक असतं.

आणि शेवटची पाटी जाईपर्यंत उठू नका. एकदा पतसंस्थेच्या लेखापरीक्षणाच्या दिवसांत मी शेवटची दहा मिनिटं सोडून निघाले आणि शेवटाबद्दल अंदाजाने अर्धं वाक्य लिहिलं. ते चुकलं होतं. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून कळवलं. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

बाहेर आल्यावर कुणाशीही बोलण्याआधी दहा ओळी लिहा. मी पार्कच्या मैदानाजवळ गाडी लावते, चहा घेते आणि लिहिते. सोबत आलेल्या माणसाचं मत पाच मिनिटांत आपलं होऊन जातं, आणि ते कधी झालं हे कळत नाही.

कुठल्या सिनेमात कुठे बघायचं

सगळ्या सिनेमांना एकच फूटपट्टी लावली की मत कोरडं होतं. प्रत्येक जातीच्या सिनेमाची नाडी वेगळ्या जागी लागते. माझ्या जागा सांगते, तुमच्या पुढे वेगळ्या होतील.

ऐतिहासिक सिनेमात लढाई बघू नका, लढाया आता सगळ्यांनाच बऱ्या जमतात. दोन लढायांच्या मध्ये काय आहे ते बघा. १४ फेब्रुवारी २०२५ला आलेला लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ बुऱ्हाणपूरच्या हल्ल्याने सुरू होतो, नायकाची सिंहाशी झुंज होते, थिएटर दणाणून जातं. सोलापुरात पहिल्या आठवड्यात मी लोकांना खुर्च्यांवर उभं राहून घोषणा देताना पाहिलं. विकी कौशलने शरीर आणि आवाज दोन्ही झोकून दिलं आहे. तरी माझ्या वहीत पूर्वार्धाच्या सहाच ओळी आहेत, कारण एका रणातून दुसऱ्या रणात जाताना राजा घरात, दरबारात, माणसांत फारसा दिसत नाही. येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि काळजी करणं आलं आहे. ज्या बाईने पुढे राज्याचा कारभार पेलला आणि २९ वर्षं मोगलांच्या कैदेत काढली, तिची धार इथे दिसायला हवी होती. मला सिनेमा खरा भिडला तो कैदेत. साखळदंडात बांधलेला राजा आणि कवी कलश एकमेकांना कवितेने उत्तर देतात. तिथे तलवार नाही, फक्त दोन मित्र आहेत. अक्षय खन्नाचा औरंगजेबही याच कारणाने लक्षात राहतो, तो आवाज चढवत नाही. ‘छावा’वर लिहिताना मी या दोन जागा दाखवल्या आणि पूर्वार्धाबद्दलची तक्रारही लिहिली. फोन बरेच आले, रागाचेही. पण प्रसंग सांगून केलेल्या तक्रारीवर माणूस वाद घालतो, शिवी देत नाही, हा माझा अनुभव आहे.

सोलापूरकराला इतिहासपटात आणखी एक गोष्ट चटकन दिसायला हवी, ती म्हणजे गर्दी. १९३०चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे आपल्या गावाचे आहेत. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला माहीत असतं की इतिहास चौघांच्या मागे उभ्या राहिलेल्या हजारोंनीही घडवला. म्हणून मी पडद्यावर मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघते. ते नुसते भाले धरून उभे असतील तर सिनेमाला माणसांशी देणंघेणं नाही, फक्त नायकाशी आहे.

भयपटात भूत येण्याआधीचं घर बघा. २०२४चा आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ १९५२च्या कोकणात सुरू होतो. मुंज झालेल्या पोराचा हट्ट, पिंपळ, आणि मग आजच्या पुण्यातला बिचकणारा नायक. सुहास जोशींची आजी आहे तोवर त्या घरात पापडाचा, जुन्या लाकडाचा वास येतो. ती गेली की भूत जास्त दिसायला लागतं आणि भीती कमी होते. लहान मुलं मात्र शेवटपर्यंत खिदळत होती, आणि हा सिनेमा त्यांच्यासाठीही आहे, हे लिहायला मी विसरले नाही. ‘तुंबाड’ २०१८ला आला तेव्हा फार लोकांनी पाहिला नव्हता. २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. दुसऱ्यांदा बघताना मी त्यातल्या हस्तर या राक्षसाकडे नव्हे, पावसाकडे लक्ष ठेवलं. अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात केलेलं चित्रण आहे. आमच्यासारख्या अवर्षणातल्या गावात, जिथे ढग बघून बघून मान दुखते, तिथे तो पाऊस आणखीच परका आणि भयाण वाटतो. हे वाक्य मुंबईच्या समीक्षकाला सुचणार नाही. तुम्ही जिथे राहता तिथून बघा, ही तुमची ताकद आहे.

विनोदी सिनेमात एवढंच बघा की हसू कुणावर आहे. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये घुंगटामुळे रेल्वेत नवऱ्या बदलतात. पण हसायला लावलं जातं ते घुंगट घालणाऱ्या मुलींवर नाही, घुंगट घालायला लावणाऱ्या समजुतीवर. रवी किशनचा पान चघळणारा इन्स्पेक्टर लाच मागतो तेव्हाही त्याचे डोळे माणसं वाचत असतात. आणि स्टेशनवर टपरी चालवणारी छाया कदमची मंजू माई. तिचा भजी तळतानाचा चेहरा बघा. संवाद नसलेल्या क्षणीही ती काम करत असते. नट किती चांगला हे बघायचं तर त्याचं वाक्य संपल्यावर बघा.

याच छाया कदम त्याच वर्षी, २०२४ला, पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मध्ये आहेत. कानच्या महोत्सवात त्या सिनेमाला ग्राँ प्री मिळाली. मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन तो पाहिला आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत आले. संथ सिनेमावर लिहायला नवीन मुलं घाबरतात. ‘कळला नाही’ म्हणायची लाज वाटते, म्हणून ‘तरल’, ‘काव्यात्म’ असे शब्द येतात. त्यापेक्षा वस्तू बघा. या सिनेमात नर्स असलेल्या प्रभाला जर्मनीहून राइस कुकर येतो. नवरा तिकडे आहे, बोलणं तुटलेलं आहे, चिठ्ठी नाही. रात्री ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. बस, एवढंच. पार्वती, जिचं घर कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर घेतो आहे, ती त्याच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारते. हे दोन प्रसंग साध्या शब्दांत लिहिले तर वाचकाला सिनेमा कळतो. शेजारच्या अक्कांना मी परत येऊन कुकरचा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांचा विडीवरचा हात थांबला. “सौदीला गेलेल्यांच्या बायकांचं असंच असतंय,” एवढंच म्हणाल्या. संथ सिनेमा लोकांना कळत नाही असं जे म्हणतात त्यांना मी हे सांगते.

बायकांच्या सिनेमावर लिहिताना पडद्याइतकंच थिएटर बघा. ३० जून २०२३ला केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे घोळके येत होते. आमच्या पतसंस्थेच्या बचत गटाच्या ३२ जणी मी स्वतः नेल्या. रचना ठरावीक आहे, प्रत्येक बहिणीला एक दुःख आणि एक खुलासा वाटून दिलेला आहे, हे मी लिहिलं. पण फुगडी सुरू झाल्यावर माझ्या शेजारच्या साठीच्या बाईंनी चप्पल काढून ठेवली, हेही लिहिलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लेखात राहू शकतं.

थरारपटावर लिहिताना गोष्ट फोडू नका, एवढं पथ्य. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ दोन तासांच्या आत संपतो आणि त्याबद्दल चार वाक्यं जास्त लिहिली की मजा जाते. मी फक्त सुरुवातीचा बेत लिहिला आणि बेत कसा फसत जातो त्यातली शिस्त कशात आहे ते सांगितलं.

मुलांच्या सिनेमात कॅमेरा किती उंचीवर आहे ते बघा. सुधाकर रेड्डी यक्कंटींच्या ‘नाळ २’मध्ये तो बऱ्याच वेळा चैत्या या छोट्या नायकाच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. मोठी माणसं कमरेपासून वर कापली जातात. चिमी भावाशी बोलत नाही, रुसून दुसरीकडे बघते, आणि आपण त्याच्याच उंचीवरून तिच्या पाठीकडे बघत राहतो. अशा ठिकाणी ‘निरागस’ हा शब्द वापरायची गरज उरत नाही.

आपल्या माणसाचा सिनेमा

हे सगळ्यात अवघड आहे. नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ आला तेव्हा सोलापुरात परीक्षण मागतच नव्हतं कुणी, सगळ्यांना फक्त अभिमान हवा होता. मलाही तो होता. करमाळ्याकडची बोली मोठ्या पडद्यावर कुठेही घासूनपुसून न घेता ऐकताना घसा दाटून आला होता. मग मी दोन दिवस थांबले आणि दुसऱ्यांदा गेले. त्या वेळी लक्षात आलं की सिनेमाचं खरं धाडस गाण्यांनंतर आहे. पळून गेलेली पोरं हैदराबादला पोचतात, भाषा बदलते, पैसे संपतात, प्रेमातली मस्ती विझते. प्रेमकथा तिथे संसाराची गोष्ट होते. आमच्या थिएटरमध्ये तिथले तेलुगू संवाद अर्ध्या लोकांना न सांगता कळत होते आणि उरलेले अर्धे आर्ची-परश्यासारखेच गोंधळले होते. हे मी लिहिलं. अभिमान एका ओळीत आला, बाकी सगळं सिनेमाबद्दल.

मराठी सिनेमा आहे म्हणून सांभाळून घ्या, असा आग्रह धरणारे भेटतील. छोट्या मराठी सिनेमाला दिवसातून एकच खेळ मिळतो, तोही दुपारी साडेबाराला, तेव्हा माझाही जीव तुटतो. म्हणून मी ते सिनेमे पहिल्याच दिवशी बघते, अर्धी रजा टाकून, आणि लेख रविवारची वाट न बघता द्यायचा प्रयत्न करते. मदत अशी करायची. वाईटाला चांगलं म्हटलं की पुढच्या वेळी आपल्या चांगल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

लिहायला बसल्यावर

वही समोर ठेवा आणि सगळ्यात ठसठशीत ओळ निवडा. लेख तिथून सुरू करा. दिग्दर्शकाचे आधीचे सिनेमे, बजेट, नटाचं पुनरागमन, यांनी सुरुवात करू नका. गोष्ट चार वाक्यांत, मध्यंतरापर्यंतचीच. नंतर दोन किंवा तीन मतं, प्रत्येक मताला एक प्रसंग. ज्या मताला प्रसंग सापडत नाही ते खोडा, कितीही आवडतं असलं तरी.

तांत्रिक शब्द माहीत नसतील तर अडू नका. ‘संकलन सैल आहे’ यापेक्षा ‘दार उघडायला गेलेला माणूस दारापर्यंत पोचेपर्यंत आपण जांभई देऊन घेतो’ हे जास्त कळतं. ‘अप्रतिम’, ‘दमदार’, ‘काळजाला भिडणारा’, ‘मनोरंजनाचं पॅकेज’ हे शब्द माझ्या टेबलावर एका कागदावर लिहून चिकटवले आहेत, त्यातला एकही आला की वाक्य नव्याने लिहिते. नटाच्या दिसण्यावर, वजनावर, रंगावर लिहू नका. काय केलं त्यावर लिहा.

स्टार द्यावे लागतात, पेपरला हवे असतात. मी ते शेवटी देते, लेख पूर्ण झाल्यावर, आणि त्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवत नाही.

लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा. घरात कुणी ऐकणारं असेल तर उत्तम. मी अक्कांना वाचून दाखवते. त्यांनी सिनेमा पाहिलेला नसतो, म्हणून जिथे त्या “मंजी?” विचारतात तिथे मी काहीतरी गृहीत धरलेलं असतं. ते वाक्य दुरुस्त होतं.

वहीचं पहिलं पान कोरं ठेवा. तिथे तिकीट चिकटवा आणि त्याच्या खाली तारीख, खेळाची वेळ, भाषा, खुर्चीचा नंबर आणि थिएटरमध्ये अंदाजे किती माणसं होती ते लगेच लिहून टाका. हल्लीच्या तिकिटांवरची शाई उडून जाते, पान नुसतं पांढरं राहतं. माझ्या जुन्या वह्यांत अशी कितीतरी पांढरी तिकिटं आहेत, आणि त्यांच्याखाली शिसपेन्सिलीने लिहिलेलं, ‘रविवार, दुपारचा खेळ, तेलुगू, माणसं साठ, पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला गोष्ट समजावून सांगत होते.’